आपल्या मशीनचा सूर

दादा निवृत्त व्हायला सहा महिने होते, तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की त्याला त्याची गाणी परत द्यायची. घड्याळ नको, शाल नको. माझ्या मुलुंडच्या घरी पलंगाखालच्या कप्प्यात पत्र्याचे दोन बिस्किटांचे डबे वीसेक वर्षं पडून होते. त्यांत एकेचाळीस कॅसेट. सोनी, टीडीके, मेलट्रॅक, आणि काही नाव पुसलेल्या. प्रत्येकीच्या पट्टीवर दादाचं उजवीकडे झुकणारं अक्षर: गाणी निळ्या शाईत, गाणारे लाल शाईत. जे गाणं टेप संपल्यामुळे अर्धवट राहिलं, त्याच्यापुढे तीन टिंबं.

ते डबे माझ्याकडे आले २००५ च्या पुरानंतर. आमचं घर कुर्ल्याला, तळमजल्यावर. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वर आली आणि आमच्या घरात पाणी पलंगाच्या वर चढलं. टेबलावरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं मशीन, गेला. कॅसेट वाचल्या, कारण दादाच्या लग्नानंतर आईनं जागा करायला म्हणून डबे माळ्यावर चढवले होते. चिखल काढताना दादानं तो टू-इन-वन उचलून नळाखाली धुतला, उन्हात ठेवला, पुन्हा लावून पाहिला. नाही चालला. मग भंगारवाला आला तेव्हा दादा घराबाहेर निघून गेला होता, ते मला अजून आठवतं.

हे सगळं इंग्रजी गाण्यांचं वेड आमच्या घरात आलं कुठून, असं लोक विचारतात. आम्ही दोघंही मराठी माध्यमातले. वडील रेल्वेत, घरात भीमसेन जोशी आणि नाट्यगीतं. पण कुर्ल्यात ख्रिश्चन गाव आहे, आणि तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चन, लोकांची घरातली बोली मराठीच. दादाच्या वर्गातला एक मित्र त्या गावातला. त्याच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. नाताळात आम्ही फराळाचं उलटं करायचो, म्हणजे दिवाळीत आईनं पाठवलेल्या डब्याच्या बदल्यात त्यांच्याकडचं खायला जायचो, आणि तिथे त्या घरातले अंकल जिम रीव्ह्जची गाणी लावायचे, क्लिफ रिचर्डची लावायचे. क्लिफ रिचर्ड लखनौला जन्मला हे त्यांनीच सांगितलं. दादानं टू-इन-वन पिशवीत घालून तिथे नेला, माइक स्पीकरसमोर उशीवर ठेवला आणि पहिली कॅसेट भरली. १९८४ साल. मी अकरा वर्षांची होते आणि माझं काम एवढंच, की कोणाला बोलू द्यायचं नाही.

पुढची सहा वर्षं आमच्या घराची रात्र रेडिओभोवती गेली. आकाशवाणीवर रात्री इंग्रजी गाणी लागायची. दादा रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबून पॉजवर बोट ठेवून बसायचा. निवेदक बोलायचा थांबला की बोट सुटायचं. तो अंदाज त्याला इतका जमला होता की पहिला ठोका क्वचितच चुकायचा. मग शब्द. इंग्रजी कळायचं अर्धं, पण ऐकू यायचं तसं देवनागरीत तो दोनशे पानी वहीत उतरवायचा. एकेका ओळीसाठी टेप दहा-दहा वेळा मागे. सायमन आणि गारफंकलचं ‘द बॉक्सर’ आमचं सगळ्यात लाडकं होतं, त्याचं एक कारण अगदी साधं आहे: त्याच्या ध्रुवपदाला शब्दच नाहीत, नुसती आलापी आहे. पॉल सायमनला तिथे शब्द सुचले नाहीत आणि ते तसंच राहिलं. आम्हा दोघांना पूर्ण म्हणता येणारं ते पहिलं इंग्रजी गाणं. आईही पोळ्या लाटताना त्या जागी सूर धरायची.

तर, काम. मला वाटलं होतं शनिवार-रविवार मिळून महिन्यात होईल. चार महिने लागले.

कॅसेट वाजवायला यंत्र हवं. बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी चांगला डेक होता, पंधरा वर्षं बंद. मी तो घरी आणून उघडला तेव्हा आत बेल्टच्या जागी काळा चिकट राप होता. रबराचा बेल्ट जुना झाला की कडक होतो किंवा विरघळून डांबरासारखा होतो. ते डांबर कानकोरण्यांच्या कापसानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायला मला दोन संध्याकाळी लागल्या. नखांत गेलेलं काळं आठवडाभर निघालं नाही. बँकेत लोक विचारत होते.

बेल्टसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. पत्त्यावर डॉ. भडकमकर मार्ग लिहितात, पण म्हणतात सगळे लॅमिंग्टन रोडच. तीन दुकानांनी मान हलवली. चौथ्या दुकानात एका वयस्कर माणसानं खिळ्यावर टांगलेल्या बेल्टांचा घोस उतरवला. मी डेकच्या दोन्ही चाकांवरून दोरा फिरवून माप घेऊन गेले होते. त्यांनी दोरा पाहिला आणि म्हणाले, “ताई, यापेक्षा थोडा लहानच हवा. ताण नसेल तर गाणं रडेल.” बोटांवर ताणून, सोडून, पुन्हा ताणून त्यांनी एक निवडला. त्या एका वाक्यात पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता कॅसेट. मुंबईच्या दमट हवेत वीस पावसाळे. अकरा कॅसेटींच्या टेपच्या कडेवर पांढरी बुरशी. त्या मी तोंडाला मास्क लावून गॅलरीत घेतल्या. टेप हातानं फिरवत कोरड्या मऊ कापडातून काढायची, सावकाश. कॅसेटची टेप चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि नव्वद मिनिटांचीची तर साठवालीपेक्षा पातळ. बोट जड पडलं की चुरगळते. तीन ठिकाणी तुटलीच. जोडायला खास चिकटपट्टी मिळते. घरातली सेलोटेप लावायची नाही, तिचा गोंद पाझरून पुढच्या वेढ्यांना चिकटतो.

सगळ्यात नाजूक काम नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, तुकड्याचं. कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्टीवर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा नमद्याचा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेकवून धरतो. जुना गोंद सुकून तो गळून पडला की आवाज येतो, पण झांजा जातात, ‘स’ आणि ‘श’ जातात, गाणारा उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. पाच स्क्रूवाली कॅसेट असली तर उघडून दुसरीतला तुकडा बसवता येतो. स्वस्तातल्या कॅसेट चिकटवलेल्या असतात. त्यांच्या शिवणीत सुरीचं टोक घालून हळूहळू फोडावं लागतं आणि आतली रिळं नव्या कवचात घालावी लागतात. अशा नऊ केल्या. सहा कॅसेट काही केल्या वाचल्या नाहीत. त्यांच्या पट्ट्या मी जपून ठेवल्यात.

लॅपटॉपच्या भोकात थेट वायर घालून चालत नाही, ते माइकसाठी असतं. मध्ये लागणारी यूएसबीची छोटी डबी आणली, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, साधारण पावणेपाचशे एमबी. घाई करता येत नाही. जितका वेळ कॅसेट तितका वेळ तुम्ही. सुरुवातीला मी लावून स्वयंपाकाला जायचे. दुसऱ्या आठवड्यापासून शेजारी बसायला लागले.

पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’पाशी एक अख्खी संध्याकाळ गेली. गाणं सुरू व्हायच्या आधी खरखर, रेडिओचा काटा फिरल्यासारखे तुटक आवाज, मग गिटार, तीही बारीक, लांबून, डब्यातून आल्यासारखी. मी डेक थांबवला, हेड पुसलं, नमदा पाहिला, वायर बदलली. तसंच. मग आठवलं, लहानपणी हेच झालं होतं. दादाला वाटलं होतं की मित्राची कॅसेट खराब आहे, म्हणून त्यानं दुसऱ्या मित्राकडून पुन्हा भरून आणली, तीही तशीच. ते तसंच आहे. रेडिओवर कुठेतरी लागलेलं गाणं ऐकून एक जण आपली गिटार घेतो आणि त्याच्याबरोबर वाजवायला लागतो, अशी ती सुरुवात बांधली आहे. दुसरी गिटार येते ती अगदी जवळून, आपल्या खोलीतून आल्यासारखी. हे कळल्यावर दादा किती वेळ गप्प बसला होता. आपण रेडिओपाशी बसून जे करतो तेच यांनी गाण्यात घातलंय, असं तो म्हणाला होता. १९७५ चं गाणं ते. माझ्या मते त्यांनी याहून चांगलं काही केलं नाही, आणि यावर दादाशी माझं आजही पटत नाही.

क्वीनच्या कॅसेटपाशी खरी गोष्ट सुरू झाली. फ्रेडी मर्क्युरीवर दादाचा विशेष जीव. हा फारुख बलसारा, पारशी, झांझिबारला जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. ‘बोहेमियन ऱ्हॅपसडी’त मध्येच ‘बिस्मिल्ला’ ऐकू येतं तेव्हा दादानं टेप थांबवून मला हाक मारली होती. १९९१ च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेला, त्यानंतर पहिल्या सुट्टीला दादा एकटा एसटीनं पाचगणीला गेला, त्या शाळेच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. घरी कोणाला सांगितलं नाही, मला सांगितलं.

ती कॅसेट मी डेकवर लावली आणि काहीतरी चुकलं. सगळं स्पष्ट होतं, पण फ्रेडी घाईत होता. आवाज वर चढलेला, थोडा नाकात. मला वाटलं बेल्ट. विकत आणलेली एक कॅसेट लावून पाहिली, ती बरोबर. दुसरी विकतची, तीही बरोबर. दादानं भरलेल्या सगळ्या मात्र घाईत, आणि गंमत अशी की १९८४ च्या जेमतेम, पण १९८९-९० च्या फार.

लेकीची पेटी काढली. त्या गाण्यातला पियानोचा भाग काळी पाचमध्ये आहे. डेकवरून तो पांढरी सातला लागत होता. बरोबर अर्धा सूर वर. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, माझ्याकडे ते ५ मिनिटं ३५ सेकंदांत संपत होतं. म्हणजे सहा टक्के वेग जास्त. खात्री करायला आणखी एक मार्ग सापडला. त्याच सुमारास दादानं पुन्हा एकदा अंकलकडे माइकनं भरलेली एक कॅसेट होती. रेकॉर्ड प्लेअरची वीजेची घूं त्यात गाण्यांच्या मागे सतत ऐकू येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तेव्हा घूं ५० ला दिसायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये ती ५३ ला दिसली.

मग उलगडलं. आमचा टू-इन-वन हळू चालत होता. बेल्ट वर्षागणिक सैल होत गेला आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण जे हळू भरलं ते हळूच वाजवलं की सूर बरोबर लागतो. दोन चुका एकमेकींना मिटवत होत्या. दादाच्या कॅसेट फक्त आमच्या मशीनवरच खऱ्या होत्या, आणि ते मशीन २००५ साली गेलं होतं.

पण याची दुसरी बाजू माझ्या लक्षात आली ती रात्री अंथरुणावर पडल्यावर, आणि मी उठून बसले. घरी भरलेल्या बरोबर वाजत होत्या, तर मग विकत आणलेल्या? त्या आमच्याकडे सगळ्या अर्धा सूर खाली वाजल्या असणार. वर्षानुवर्षं.

विकतच्या कॅसेट आमच्याकडे सातच. त्यांतली एक कार्पेंटर्सची. दादानं शिकवणीच्या पहिल्या पैशांतून १९८८ साली काळ्या घोड्याच्या रिदम हाउसमधून आणलेली. ते दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. मी त्या दिवसांत तिथून गेले होते आणि आत न जाता पुढे गेले, याचं मला वाईट वाटतं. तर त्या कॅसेटवर ‘येस्टरडे वन्स मोअर’. रेडिओवर आपलं आवडतं गाणं लागायची वाट बघत बसलेल्या मुलीचं गाणं. कॅरन कार्पेंटरचा आवाज मुळातच खर्जातला, आणि आमच्या मशीननं तो आणखी खाली नेलेला. माझ्या मनात ती चाळिशीतली बाई होती. समजूतदार, थोडी थकलेली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी. दहावीत माझे गणितात मार्क गेले तेव्हा मी तीच बाजू पुन्हा पुन्हा लावली होती, आणि मला वाटलं होतं की कोणीतरी मोठं माणूस जवळ आहे. पुढे हॉटेलात, टीव्हीवर ते गाणं कानावर पडलं तेव्हा ते मला कधी आपलं वाटलंच नाही. दुसऱ्या कोणी गायलं असेल, असं समजून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ती कॅसेट डेकवर लावली. दारं लावून, हेडफोन घालून.

मुलगी गात होती. गाणं १९७३ चं, आणि तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आज माझी लेक आहे तेवढी. १९८३ च्या फेब्रुवारीत ती गेली तेव्हा बत्तीसची. म्हणजे आम्ही तिला पहिल्यांदा घरी आणलं त्याच्या पाच वर्षं आधीच ती गेलेली होती, आणि आमच्या घरी येऊन वयानं वाढली होती. जी चाळिशी तिला मिळाली नाही, ती आमच्या सैल बेल्टनं तिला दिली. मी त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

आता प्रश्न होता दादाला काय द्यायचं. वेग बदलणं सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम. दादानं भरलेल्या कॅसेट प्रत्येक वर्षाचं माप काढून मी सरळ केल्या. त्यात शंका नव्हती, आम्ही त्या तशाच ऐकल्या होत्या. खरखर काढून टाकायची सोयही आहे, करून पाहिली, पण गाणी पाण्याखालून आल्यासारखी झाली, म्हणून ती राहू दिली. गाणी सुटी केली नाहीत, बाजू अख्ख्या ठेवल्या. ‘चिकितिता’ संपलं की माझ्या कानात आपोआप पुढचं जॉन डेन्व्हरचं गाणं सुरू होतं, मध्ये दादाच्या बटणाचा ‘टक’ धरून. तो ‘टक’ कापायचा कसा? विकतच्या सात कॅसेट मात्र मी दोन्ही प्रकारे ठेवल्या. एक कंपनीनं काढली तशी, एक आमच्या घरी वाजायची तशी.

निवृत्तीच्या समारंभात काही दिलं नाही. पुढच्या रविवारी भांडुपला त्याच्या घरी गेले. लॅपटॉप, दोन स्पीकर, पेनड्राइव्ह. वहिनीनं साबुदाण्याची खिचडी केली होती. आधी ‘येस्टरडे वन्स मोअर’ लावलं, खरं असतं तसं, काही न सांगता.

दादा ताटलीवरून मान वर करून ऐकत राहिला. पहिलं कडवं संपलं.

“अगं, ही तर पोरगी आहे,” तो म्हणाला.

मी बेल्टचं सगळं सांगितलं. पेटी, घूं, ५३, सगळं. तो मध्ये काही बोलला नाही. चाळीस वर्षं कारखान्यात मशीनवर काढलेला माणूस. त्याला अर्ध्यातच समजलं असणार. मग म्हणाला, “आपली लाव.”

मी दुसरी लावली. ओट्याला टेकून उभी असलेली ती बाई आली. वहिनी म्हणाली, काय फरक आहे, एकच तर आहे. दादा आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग त्यानं साठाची एक जुनी बाजू लावायला सांगितली, जिच्या शेवटी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आहे. साडेसहा मिनिटांचं गाणं, आणि शेवटी दोन गिटार एकमेकींशी बोलायला लागतात तिथेच आमची टेप संपते. उरलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते केबल टीव्ही आल्यावर. टेप संपली, खाडकन शांतता झाली, आणि दादानं बोटांनी टेबलावर ठेका तसाच पुढे चालू ठेवला.

मग तो उठला आणि टीव्हीखालच्या खणातून निळं आणि लाल पेन काढून आणलं. माझ्याकडून एक कोरा कागद घेतला, पट्टीच्या आकाराला दुमडला. पेनड्राइव्हला कसली पट्टी, असं मी म्हटलं नाही. त्यानं वर लिहिलं: बाजू अ. खाली एकेक गाणं, क्रमानं, आठवावं न लागता. सहा गाणी पूर्ण झाली. सातव्यापुढे त्यानं लाल पेन बाजूला ठेवलं, निळं उचललं आणि तीन टिंबं दिली.